कडप्प्याच्या पोटातली गुहा



जामनेर तालुक्यातील शाळांची एक सहल ठरलेलीच असते. पहाटे गाडीत बसायचे, पहूर मागे टाकून फर्दापूर गाठायचे आणि अजिंठ्याची लेणी पाहायची. तेथे एखादा चौकस विद्यार्थी हमखास विचारतो, "सर, ह्या गुहा कोणी खोदल्या?" उत्तर सोपे आहे. माणसांनी. इ.स.पूर्व दुसऱ्या शतकापासून इ.स. पाचव्या शतकापर्यंत कारागिरांनी छिन्नी-हातोड्याने काळा पाषाण कोरून त्या घडविल्या. अपुऱ्या राहिलेल्या दालनांत छिन्नीचे घाव आजही दिसतात. म्हणूनच आपण त्यांना 'लेणी' म्हणतो.

पण जिच्यात छिन्नीचा एकही घाव नाही आणि तरीही बोगदे, दालने, खांब व झुंबरे आहेत, अशी गुहा कोणी खोदली असेल? गेल्या हिवाळ्यात आमच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यांना घेऊन मी आंध्र प्रदेशातील बेलमची गुहा पाहून आलो. तिची ज्ञात लांबी ३,२२९ मीटर आहे. या गुहेचा कारागीर कोण, त्याचे हत्यार कोणते, बोटभर कामाला त्याला किती वेळ लागतो आणि त्याने आपल्यासाठी काय लिहून ठेवले आहे, ते या लेखात पाहू. मात्र प्रवासाला निघण्यापूर्वी आपल्याला स्वयंपाकघरात जावे लागेल.

ओट्यावरचा दगड

महाराष्ट्रातील बहुतेक जुन्या घरांत स्वयंपाकाचा ओटा काळ्या कडप्प्याचा असे. आता ओट्यावर ग्रॅनाइट आले, तरी मोरीत, माळ्याच्या फळीला किंवा पाण्याचा माठ ठेवण्याच्या जागी कडप्पा अजून सापडतो. आंध्र प्रदेशातील कडप्पा या गावावरून त्या दगडाला हे नाव पडले. आईची परवानगी घेऊन कडप्प्याच्या एखाद्या कोपऱ्यावर लिंबाच्या रसाचा थेंब टाका आणि दहा मिनिटांनी पुसून काढा. तेथे फिकट, खरखरीत डाग पडलेला दिसेल. तो घासून जाणार नाही, कारण तो दगडावर बसलेला नसून दगडच तेवढा विरघळून गेलेला आहे.

आता असाच थेंब घराच्या पायातील काळ्या दगडावर, म्हणजे आपल्या खानदेशातील बेसाल्टवर टाका. काहीही होणार नाही. दोन्ही दगड रंगाने काळे. पण एक आम्लापुढे नमतो, दुसरा नमत नाही. कडप्पा हा चुनखडक आहे. कॅल्शियम कार्बोनेट हा त्याचा मुख्य घटक. ५० कोटींहून अधिक वर्षांपूर्वी एका उथळ समुद्राच्या तळाशी साचलेल्या चुन्याच्या गाळापासून तो तयार झाला. बेसाल्टची जन्मकथा अगदी निराळी. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून वाहिलेला लाव्हा थिजून तो बनला.

बेसाल्टवर पाण्याचा परिणाम होत नाही असे मात्र समजू नका. अजिंठ्याची घोड्याच्या नालेच्या आकाराची घळ वाघूर नदीनेच कापली आहे. पण ती गोट्यांनी घासून आणि धबधब्याने आपटून. हजारो वर्षे ऊन-पाऊस खाल्ल्यावर बेसाल्ट कुजतो तेव्हा त्याचा बराचसा भाग चिकणमातीच्या रूपाने जागेवरच उरतो. आपली कापसाची काळी जमीन ती हीच. चुनखडक मात्र पाण्यात विरघळून पाण्याबरोबर निघून जातो आणि मागे पोकळी ठेवतो. म्हणून खानदेशाला कापूस मिळाला आणि कडप्प्याच्या प्रदेशाला गुहा.

पेल्यातली गुहा

चुनखडक विरघळविण्यासाठी जमिनीत लिंबू कोण पिळतो? हे समजण्यासाठी एक प्रयोग करू. तो शिक्षकांच्या देखरेखीखाली करावा. चुना डोळ्यांत किंवा तोंडात जाऊ देऊ नये.

पानाला लावतात तो चुना चमचाभर घेऊन बाटलीभर पाण्यात ढवळा, झाकण लावा आणि रात्रभर ठेवा. सकाळी वर जे स्वच्छ पाणी दिसेल ती चुन्याची निवळी. एक भाग निवळीत नऊ भाग पावसाचे पाणी किंवा गाडीच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर मिसळा. आता नळीने त्यात हळूहळू फुंकर मारा. पाणी दुधासारखे गढूळ होईल. तुमच्या श्वासातील कार्बन डाय-ऑक्साइडचा चुन्याशी संयोग होऊन कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण तयार झाले. हा तुमच्या पेल्यातला चुनखडक.

येथे थांबू नका. मध्ये मध्ये विश्रांती घेत फुंकत राहा. काही वेळाने दुधाळ पाणी पुन्हा निवळू लागेल. जास्तीचा कार्बन डाय-ऑक्साइड पाण्यात विरघळून सौम्य कार्बोनिक आम्ल बनले, त्याने कॅल्शियम कार्बोनेटचे कॅल्शियम बायकार्बोनेट केले, आणि ते पाण्यात विरघळणारे आहे. चुनखडक नाहीसा झाला! आता हे निवळलेले पाणी उकळा. कार्बन डाय-ऑक्साइड निघून जाईल आणि पाणी पुन्हा गढूळ होईल. चुनखडक परत आला!

निवळी दहापट पातळ करण्याची सूचना शिक्षकांनी विसरू नये. मी कितीतरी वर्षे दाट निवळी घेऊन वर्गासमोर फुंकत राहिलो. पाणी दुधाळ होई, पण काही केल्या निवळत नसे, आणि मुले हसू आवरत. आपल्या श्वासात सुमारे चार टक्केच कार्बन डाय-ऑक्साइड असतो. तेवढ्याने दाट निवळीतला सगळा चुना विरघळणे शक्यच नाही, हे गणित मी फार उशिरा करून पाहिले.

या प्रयोगाचा शेवटचा भाग तुमच्या घरी रोज घडतो. आपल्याकडील अनेक विहिरींचे व कूपनलिकांचे पाणी जड असते. त्यात साबणाला फेस येत नाही, तुरीची डाळ लवकर शिजत नाही. ते बंबात तापविले की आतल्या बाजूस पांढरा कडक थर धरतो. तो थर म्हणजे पाण्यातून परत आलेला चुनखडकच.

गुहेची सारी कथा ह्या पेल्यात आहे. पावसाचे पाणी हवेतून खाली येताना थोडा कार्बन डाय-ऑक्साइड घेते. पण हवेत तो जेमतेम ०.०४ टक्के असतो. खरी भर पडते मातीत. झाडांची मुळे आणि असंख्य सूक्ष्मजीव श्वासोच्छ्वास करतात. त्यामुळे मातीच्या कणांमधील हवेत हा वायू एक टक्का किंवा त्याहूनही अधिक असू शकतो. त्यातून झिरपलेले पाणी सौम्य आम्ल होऊन खडकाच्या फटींत शिरते आणि फटी रुंदावत जाते. गुहेचा कारागीर पाऊस, आणि त्याचे हत्यार हे सौम्य आम्ल.

बिळात उतरताना

आम्ही भुसावळहून गाडीने मनमाड, दौंड, सोलापूर करीत गुंतकल गाठले आणि तेथून ताडपत्रीला गेलो. ताडपत्रीपासून बेलम सुमारे ३० किलोमीटर आहे. वाटेत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना फरश्या कापण्याचे व घासण्याचे कारखाने लागतात. उभ्या रचलेल्या काळ्या फरश्यांच्या थप्प्या पाहून एक विद्यार्थिनी म्हणाली, "सर, हा तर आमच्या मोरीतला दगड!" तिचे बरोबर होते. बेलमची गुहा ह्याच जातीच्या चुनखडकात आहे.

गुहा नंद्याळ जिल्ह्यात आहे. २०२२ पूर्वी हा भाग कुर्नूल जिल्ह्यात होता. डोंगर चढून गुहेत शिरायचे असते अशी आपली समजूत. येथे डोंगर नाही. सपाट शेतजमिनीत विहिरीसारखे तीन खड्डे आहेत आणि मधल्या खड्ड्यातून जिन्याने खाली उतरायचे. बेलम हे नाव 'बिल' म्हणजे भोक या संस्कृत शब्दावरून आल्याचे सांगतात. आपल्या मराठीतील 'बीळ' त्याच शब्दाचे नातेवाईक. रॉबर्ट ब्रूस फूट या भूवैज्ञानिकाने १८८४ साली ह्या बिळाची नोंद केली. पुढे सुमारे शंभर वर्षे शास्त्रज्ञांचे तिकडे फारसे लक्ष गेले नाही. १९८० नंतरच्या दशकाच्या आरंभी डॅनियल गेबाउअर यांच्या नेतृत्वाखाली जर्मन गुहा-संशोधकांनी आत शिरून तिची मोजणी केली. २००२ साली ती प्रवाशांना खुली झाली. आता सुमारे दीड किलोमीटरपर्यंत दिवे आणि पायवाट आहे, आणि वरून नळांतून हवा आत सोडतात.

जिना उतरताच थंडगार वाटेल अशी आमची अपेक्षा होती. झाले उलटेच. आत दमट उबारा होता आणि थोड्याच वेळात सदरे अंगाला चिकटले. जमिनीखाली काही मीटर गेले की बाहेरचा उन्हाळा-हिवाळा तेथे पोचत नाही. त्या प्रदेशाचे वर्षभराचे जे सरासरी तापमान, तेच गुहेत बाराही महिने नांदते. कुर्नूलकडचे सरासरी तापमान मुळातच जास्त. त्यात हवा पाण्याच्या वाफेने भरलेली, म्हणून घाम वाळत नाही.

बोगद्याच्या भिंतीइतकेच त्याचे छतही गुळगुळीत होते. मी मुलांना विचारले, "नदी तळ घासते, पण छत कसे घासेल?" थोडा वेळ कोणी बोलेना. मग एकाने भीत भीत सांगितले, "बोगदा पाण्याने पूर्ण भरलेला असेल तर?" नेमके तेच. एके काळी भूजलाची पातळी ह्या बोगद्यांच्या वर होती. भरलेल्या नळातून जावे तसे पाणी त्यातून वाहत होते आणि भिंत, तळ, छत सर्वच बाजूंनी खडक विरघळवीत होते. पुढे भूजल खाली गेले आणि बोगदे रिकामे झाले. आजही गुहेच्या सर्वांत खोल जागी, जमिनीखाली ४६ मीटरवर, एक झरा अंधारात नाहीसा होताना दिसतो. त्याला पाताळगंगा म्हणतात.

थेंबांचा हिशोब

बोगदा रिकामा झाला की कारागिराचे दुसरे काम सुरू होते. पहिले काम विरघळविण्याचे होते, हे रचण्याचे आहे. छताच्या फटीतून पाण्याचा थेंब डोकावतो. मातीतून येताना त्याने भरपूर कार्बन डाय-ऑक्साइड आणि त्याच्या जोरावर चुना बरोबर आणलेला असतो. गुहेच्या हवेत तो वायू मातीपेक्षा कमी असल्यामुळे थेंबातून निसटतो, आणि तो गेला की चुना पाण्यात राहू शकत नाही. पेला उकळल्यावर घडले तेच येथे न उकळता, संथपणे घडते. पाणी वाळून चुना मागे राहतो असे अनेक पुस्तकांत लिहिलेले असते. पण दमट गुहेत पाणी फारसे वाळतच नाही. मुख्य कारण निसटणारा वायू हेच.

थेंबाच्या कडेला चुन्याचे बारीक कडे उरते. कड्याखाली कडे जुळत पोकळ नळी लोंबू लागते आणि पुढे तिच्यावर बाहेरून थर चढत जातात. हा अधोमुखी लवणस्तंभ. खाली पडलेल्या थेंबातील उरलेला चुना जमिनीवर साचून जो वर वाढतो तो ऊर्ध्वमुखी लवणस्तंभ. 'लवण' म्हणजे येथे जेवणातले मीठ नव्हे, तर चुन्याचा क्षार. दोन्ही एकमेकांना भेटले की खांब तयार होतो. बेलमच्या एका दालनात असे हजारो सुळके आहेत. लोकांना त्यांत शिवलिंगे दिसली, म्हणून त्या दालनाचे नाव कोटिलिंग. एके ठिकाणी वडाच्या पारंब्या लोंबताना दिसतात, तर एके ठिकाणी नागाच्या हजार फण्या. एका दालनातील स्तंभांवर आघात केला तर निरनिराळे स्वर निघतात. लांबी व जाडी निरनिराळी असलेल्या दांड्यांची कंपनसंख्या निरनिराळी असते, हे तुम्ही ध्वनीच्या धड्यात वाचले आहे. तो धडा काचेच्या पेल्यांत पाणी भरूनही करून पाहता येतो. त्यासाठी स्तंभ वाजविण्याची गरज नाही. का, ते आता सांगतो.

आपण साधा हिशोब करू. एक मिलिलिटर पाण्यात सुमारे २० थेंब मावतात, म्हणजे एका लिटरमध्ये २०,००० थेंब. एक लिटर पाणी गुहेत १०० मिलिग्रॅम चुना सोडून जाते असे धरा. मग एका थेंबाच्या वाट्याला ०.००५ मिलिग्रॅम चुना येतो. दर मिनिटाला एक थेंब पडला तर वर्षाला ५,२५,६०० थेंब होतात. त्यांनी ठेवलेला चुना सुमारे २.६ ग्रॅम, आकारमानाने जवळजवळ एक घन सेंटिमीटर. हा चुना १० सें.मी. व्यासाच्या स्तंभाच्या माथ्यावर पसरला तर त्याची उंची वर्षाला ०.१२ मिलिमीटरने वाढेल. तुमच्या उंचीचा, दीड मीटरचा स्तंभ उभा राहण्यास १२,००० वर्षांहून अधिक काळ लागेल. आणि हे दर मिनिटाला थेंब पडत राहिला तर. प्रत्यक्षात कित्येक ठिकाणी थेंब याहून कमी पडतात.

हा हिशोब मी कोटिलिंग दालनातच मुलांकडून करवून घेतला, आणि त्यानंतर त्यांना एक कबुली दिली. माझ्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला एक पांढरा दगड आहे. महाविद्यालयात शिकत असताना एका गुहेत कोणाचे लक्ष नाही असे पाहून मी तो छताला लोंबणारा सुळका मोडून घेतला होता. लांबी १२ सें.मी. लवणस्तंभ वर्षाला मिलिमीटरच्या दशांशाने वाढला असे धरले, तर ते १,२०० वर्षांचे काम. देवगिरीच्या यादवांचे राज्य उभे राहण्यापूर्वी पडू लागलेल्या थेंबांनी ते केले होते. मोडायला मला एक क्षण पुरला. त्या वेळी मला वाटले होते, अशी हजारो आहेत, एक गेला तर काय! आज त्या गुहेत तो परत नेऊन लावला तरी तो जुळणार नाही.

आमच्या गटातील एका मुलाने खिशात घातलेला हात हळूच बाहेर काढला. वाटेवर पडलेला एक तुकडा त्याने उचलला होता. मी काही बोललो नाही. त्याने तो आपण होऊन मार्गदर्शकाच्या हाती दिला.

हाडे आणि मणी

चुनखडकातील गुहा आणखी एका गोष्टीसाठी प्रसिद्ध आहेत. त्या जुनी हाडे सांभाळून ठेवतात. उघड्या जमिनीत आम्लयुक्त पाणी हाडांना झिजविते. पण चुनखडकातून झिरपलेले पाणी आधीच चुन्याने तृप्त झालेले असते. हाडे खाण्याची भूक त्याला उरत नाही. शिवाय वरून चुन्याचा थर बसून हाडे जणू डबाबंद होतात. कुर्नूलच्या ह्याच चुनखडकाच्या पट्ट्यात बेतमचेर्लाजवळ बिल्ला सुरगम नावाच्या गुहा आहेत. तेथे १८८० नंतरच्या काही वर्षांत फूट आणि त्यांचे चिरंजीव हेन्री यांनी उत्खनन केले. प्राण्यांची असंख्य हाडे निघाली. त्यांत गेंडाही होता. आज कुर्नूलच्या कोरड्या रानात गेंडा नाही. भारतीय प्रागितिहासाचे जनक मानले जाणारे फूट ते हेच. १८६३ साली मद्रासजवळ पल्लावरम येथे त्यांना अश्मयुगीन हत्यार सापडले आणि भारतात अश्मयुगीन माणूस राहत होता हे सिद्ध झाले.

आपल्या खानदेशात चुनखडकाच्या गुहा नाहीत. पण असा पुरावा आपल्याकडेही आहे आणि तोही चुन्याचाच! चाळीसगावजवळ पाटणे येथे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याचे सं. अ. साळी यांनी १९७०–७५ च्या दरम्यान उत्खनन केले. तेथे शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे तुकडे, त्यापासून केलेले मणी आणि आडव्या-तिरप्या रेषा कोरलेला एक तुकडा सापडला. त्यांचा काळ सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचा ठरला. म्हणजे त्या वेळी आपल्या भागात शहामृग होते, आणि त्यांच्या कवचाचे दागिने घालणारी माणसेही होती. अंड्याचे कवच हेही कॅल्शियम कार्बोनेटच असते. गुहेतील खांब, कडप्प्याची फरशी, बंबातील थर आणि पाटण्याचा मणी ही सारी एकाच पदार्थाची रूपे आहेत.

दगडात लिहिलेला पाऊस

लवणस्तंभ उभा चिरला तर झाडाच्या खोडासारखे थर दिसतात. त्यांचे वय काढण्याची युक्ती मोठी सुंदर आहे. पाण्यात युरेनियम अत्यल्प प्रमाणात विरघळते, थोरियम जवळजवळ विरघळत नाही. त्यामुळे नव्या थरात युरेनियम असते, थोरियम नसते. पुढे युरेनियमचे रूपांतर होऊन थरात थोरियम साचू लागते, वाळूच्या घड्याळात खाली वाळू साचावी तसे. दोघांचे प्रमाण मोजले की थराचे वय कळते.

त्या वर्षी पाऊस किती पडला हेही कळू शकते. ऑक्सिजनच्या अणूंत काही हलके, वस्तुमानांक १६ चे, तर थोडे जड, १८ चे असतात. ढगातून जड रेणू आधी खाली उतरतात. पाऊस पुष्कळ झाला की पुढच्या पावसात जड ऑक्सिजन कमी राहतो. हेच प्रमाण लवणस्तंभाच्या थरात उतरते. जड ऑक्सिजन कमी तर पाऊस भरपूर. जास्त तर अवर्षण.

बस्तरमधील दंडक गुहेतील एका लवणस्तंभाचा असा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यात साधारण इ.स. ६०० ते १५०० या काळातील मोसमी पावसाची नोंद मिळाली. चौदाव्या व पंधराव्या शतकांत पाऊस वर्षानुवर्षे कमी पडल्याच्या खुणा त्यात दिसल्या. महाराष्ट्राच्या इतिहासातील दुर्गादेवीचा दुष्काळ तुम्हाला आठवतो का? १३९६ साली सुरू होऊन तो दहा-बारा वर्षे टिकल्याचे सांगतात. दामाजीपंतांनी भुकेल्या लोकांसाठी धान्याची कोठारे उघडल्याची कथाही पंधराव्या शतकातलीच. आपल्या लोकांनी जे दुःख कथांतून जपले, ते बस्तरच्या एका अंधाऱ्या गुहेत थेंबाथेंबाने दगडातही नोंदले जात होते. मेघालयातील मॉम्लूह गुहेतील स्तंभात सुमारे ४,२०० वर्षांपूर्वीच्या मोठ्या अवर्षणाची खूण सापडली, आणि २०१८ साली पृथ्वीच्या इतिहासातील चालू कालखंडाला त्यावरून 'मेघालयन' हे नाव देण्यात आले.

आपल्या देशात पर्जन्यमापकाने पद्धतशीर मोजलेल्या पावसाच्या नोंदी जेमतेम दोनशे वर्षांच्या आहेत. सलग दहा-वीस वर्षे पाऊस रुसतो का, किती वर्षांनी रुसतो, हे त्याहून जुनी नोंदवही उघडल्याशिवाय कळणार नाही. कापूस पेरून आभाळाकडे पाहणाऱ्या आपल्या तालुक्याला हा प्रश्न पुस्तकी वाटू नये. माझ्या टेबलावरचा तो सुळका ह्या नोंदवहीतले फाडलेले पान आहे. कोठून, कोणत्या फटीखालून तोडला हे आता मलाही नेमके सांगता येत नाही, म्हणून शास्त्रज्ञाला त्याचा उपयोग नाही.

आपला श्वास

गुहेला हानी करण्यासाठी काही मोडावेच लागते असेही नाही. फ्रान्समधील लास्को गुहेत सुमारे १७,००० वर्षांपूर्वीच्या माणसांनी बैल, घोडे, हरणे यांची चित्रे रंगविली आहेत. १९४० साली काही मुलांना ती सापडली, १९४८ साली ती लोकांसाठी खुली झाली आणि पुढे दिवसाला हजारावर माणसे आत जाऊ लागली. थोड्याच वर्षांत भिंतींवर हिरवे शेवाळ दिसू लागले, चित्रांवर चुन्याचे पांढरे पटल येऊ लागले. दिव्यांचा उजेड शेवाळाला मिळाला, आणि माणसांच्या श्वासातील वाफ व कार्बन डाय-ऑक्साइड भिंतींना. १९६३ साली गुहा बंद करावी लागली. आज प्रवासी तिची प्रतिकृती पाहतात.

तुम्ही पेल्यात फुंकर मारून चुनखडक बनविला आणि त्याच फुंकरीने तो विरघळविलाही. गुहेत आपण प्रत्येक श्वासाने तेच करीत असतो. म्हणून माणसांची संख्या मर्यादित ठेवतात, दिवे मंद ठेवतात. 'हात लावू नये' ही पाटीही उगाच नसते. बोटांवरचे तेल दगडाला लागले की पाणी त्यावर नीट पसरत नाही, आणि स्तंभाची त्या जागची वाढ बिघडते.

मग पाहायला जायचेच नाही का? अवश्य जा. बेलमला जा, बस्तरला जा. जाण्यापूर्वी पेल्यातला प्रयोग करून पाहा आणि वर दिलेला हिशोब स्वतः मांडा. जाता येत नसेल तर घरच्या बंबातील थर काढून त्यावर लिंबू पिळा, बुडबुडे मोजा, तोही ह्याच धड्याचा भाग आहे. आणि शिक्षक मित्रांना एक विनंती. अजिंठ्याच्या सहलीत मुलांना लेण्यांबरोबर वाघूरची घळही दाखवा, आणि विचारा, हे कोणी कोरले?

माझ्या टेबलावरचा दगड आता मी वर्गात नेतो. मुलांच्या हातांत देतो आणि त्याची किंमत वर्षांत काढायला सांगतो.